नातीला काय म्हणायचं?

ताईंना नमस्कार,

मी एकाहत्तर वर्षांची, मराठीची निवृत्त शिक्षिका. कराडजवळच्या गावात राहते. माझी नात एकोणीस वर्षांची, पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकते. सतरावं संपत आलं तरी तिला पाळी आली नव्हती, म्हणून मुलगा-सून तिला दाखवून आले. सोनोग्राफीत गर्भाशयच दिसलं नाही. मग रक्ताची तपासणी झाली, त्यात क्रोमोसोम एक्स-वाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तसे आले. डॉक्टरांनी आईवडिलांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि आईवडिलांनी तिला 'तुला पुढे मूल होणार नाही' एवढंच सांगितलं. गेल्या दिवाळीत तिने कपाटातली फाइल काढून स्वतःच वाचली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मी इंटरसेक्स आहे. तू घाबरू नकोस, आता मीपण घाबरत नाहीये."

तेव्हापासून घरात शब्दांवरून वाद आहेत. धाकटे दीर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. ते म्हणतात, शास्त्रीय शब्द 'उभयलिंगी', त्यात लाजायचं काय? आणि काटेकोर बोलायचं तर ती 'आतून मुलगाच' आहे. सून म्हणते, सरळ विकार म्हणा, म्हणजे लोक निदान हळहळतील तरी. मुलगा म्हणतो, कुठलाच शब्द नको. शेजारच्या एकीला कुठून तरी कुणकुण लागली, ती 'तृतीयपंथी' म्हणाली, तर सून दोन दिवस जेवली नाही. माझ्या जिभेवर 'इंटरसेक्स' येत नाही. एक तर इंग्रजी, त्यात पुन्हा तो 'सेक्स'. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि नातीसाठी एक धड मराठी शब्द मला सापडू नये? मी 'मध्यप्रकृती' असा शब्द योजला आहे. कसा वाटतो? आणि विचारणाऱ्या नातेवाइकांना काय सांगू?

– शब्दाशी अडखळलेली आजी

ता. क. आमच्याकडे चैत्रगौरीचं मोठं हळदीकुंकू असतं. आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावायचं काम दरवर्षी नातीकडे. जाऊबाई म्हणतात, यंदा तिला पुढे करू नका.

*

बाई,

तुमचे विद्यार्थी तुम्हाला बाईच म्हणत असणार, मीही तेच म्हणते.

तुमच्या पत्रात शब्द पाच आहेत. त्यातले चार इतरांनी निवडलेत. एकच शब्द असा आहे, जो जिच्या शरीराबद्दल हे सगळं चाललंय तिने स्वतः शोधून, दोन दिवस गप्प बसून, मग उच्चारला आहे. आणि नेमका तोच तुमच्या जिभेवर येत नाही. तेव्हा माझं उत्तर पहिल्यांदा सांगून टाकते: ती इंटरसेक्स म्हणते, तर तुम्हीही इंटरसेक्स म्हणा. जन्मतःच जिचं शरीर स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात नेमकं बसत नाही अशी व्यक्ती, एवढाच त्याचा अर्थ. पण एवढ्याने तुमचं समाधान व्हायचं नाही, आणि दिरांचं तर मुळीच नाही. म्हणून जरा सविस्तर.

दिरांचं आधी घेते, कारण त्यांचं 'आतून मुलगा' हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत वाईट वाक्य आहे. शेजारणीच्या शब्दापेक्षाही वाईट, कारण ते शास्त्राचा कोट घालून आलं आहे.

फाइल मी पाहिलेली नाही. पण एक्स-वाय क्रोमोसोम, गर्भाशय नाही, पाळी नाही आणि बाकी वाढ मुलीची, यावरून हे अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम असावं असं वाटतं. नक्की नाव डॉक्टरांकडूनच घ्या. त्यात होतं असं: गर्भात असताना वाय क्रोमोसोममुळे वृषणं तयार होतात, ती पोटातच राहतात. त्यांच्यातल्या एका संप्रेरकामुळे गर्भाशय तयार होत नाही. दुसरं संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. ते तयार होतं, रक्तात फिरतं, पण शरीरातल्या पेशींना ते घेताच येत नाही. टपाल रोज येतंय, पण पत्र टाकायला दाराला फटच नाही, असं समजा. त्यामुळे बाळ जन्मतं ते मुलगी म्हणून, वाढतं मुलगी म्हणून. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं आणि छातीची वाढही इतर मुलींसारखीच होते. पाळीची वाट बघितली जाते आणि तेव्हा कुठे कळतं.

आता सांगा, यात 'आतून मुलगा' कुठे बसला आहे? टेस्टोस्टेरॉनचा निरोप तिच्या एकाही पेशीने कधी वाचलेला नाही. एका रिपोर्टवरच्या दोन अक्षरांवरून एकोणीस वर्षांच्या मुलीची ओळख खोडायची, हे शास्त्र नव्हे. ती 'मी आले', 'मी गेले' म्हणते ना? मग ती मुलगी आहे. क्रोमोसोम बघून क्रियापद बदलायचं, असा नियम तुमच्या व्याकरणात मला तरी आठवत नाही.

(हे ज्या जनुकातल्या बदलामुळे होतं ते एक्स क्रोमोसोमवर असतं. काही वेळा आईकडून येतं, काही वेळा मुलीत नव्यानेच घडतं. हे वाचून कुणी सुनेकडे बोट दाखवणार असेल तर हे कात्रण त्याच्या हाती देऊ नका.)

राहिला 'उभयलिंगी'. हा शब्द शास्त्रीय आहे हे दिरांचं म्हणणं खरं, पण कुणासाठी? गांडुळासाठी, गोगलगायीसाठी, जास्वंदीच्या फुलासाठी. पुंकेसरही आहेत आणि स्त्रीकेसरही, दोन्ही आपापलं काम करतात. माणसात दोन्ही प्रकारची प्रजननसंस्था पूर्ण आणि चालू, असं होत नाही. त्यामुळे हा शब्द कठोर आहे म्हणून नव्हे, तर साफ चुकीचा आहे म्हणून सोडायचा.

हे मी ताठ मानेने सांगतेय खरी, पण शिकले ते मार खाऊन. नऊएक वर्षांपूर्वी मी याच सदरात एका उत्तरात 'उभयलिंगी' लिहिलं होतं. शब्दकोशात बघून लिहिलं, खात्रीने लिहिलं. आठवड्याने एक निळं आंतर्देशीय आलं. नाव नाही, गाव नाही, शिक्का पुसट. आत बॉलपेनने दीड ओळ: 'ताई, मी गांडूळ नाही. बाकी सल्ला बरा होता.' ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. सल्ला काय दिला होता ते मात्र मी विसरले.

दिरांना एक सांगा: त्यांनी शिकवलं तेव्हाची पुस्तकं त्यांच्या बाजूने होती, हे मला मान्य आहे. १८७६ साली एडविन क्लेब्स या जर्मन-स्विस डॉक्टरने 'खरे' उभयलिंगी आणि 'खोटे' उभयलिंगी अशी वर्गवारी केली आणि पुढची सव्वाशे वर्षं वैद्यकाने ती चालवली. तुमच्या नातीसारख्या मुलींच्या फाइलवर 'मेल स्यूडोहर्माफ्रोडाइट', म्हणजे 'पुरुष, खोटा उभयलिंगी' असं लिहिलं जायचं. १९५३ साली अमेरिकेत जॉन मॉरिस या स्त्रीरोगतज्ज्ञाने ८२ जणींच्या नोंदी एकत्र करून या प्रकाराला वेगळं नाव दिलं, तेही काय तर 'टेस्टिक्युलर फेमिनायझेशन', म्हणजे 'वृषणांमुळे आलेलं बाईपण'. स्वतःच्या फाइलवर हे वाचणाऱ्या मुलीची कल्पना करा. त्या काळी डॉक्टर सहसा मुलीला खरं सांगतच नसत. 'अंडाशयात दोष होता, काढून टाकलं' असं काहीतरी सांगत. शब्दच असे होते की तोंडावर उच्चारायची सोय नव्हती. तुमच्या मुला-सुनेने दोन वर्षं फाइल कपाटात ठेवली त्याचंही मूळ इथेच आहे. त्यांना फार बोलू नका. त्यांना ज्या भाषेत सांगितलं गेलं, त्या भाषेत ते मुलीला सांगूच शकले नसते.

आता आपल्या मराठीची एक खास अडचण. 'लिंग' या एका शब्दावर आपण तीन संसार टाकले आहेत. व्याकरणातलं लिंग, स्त्री-पुरुष हा शरीराचा भेद, आणि पुरुषाचा अवयव. त्यामुळे 'द्विलिंगी' हा शब्द तुम्ही वर्गात गंभीरपणे फळ्यावर लिहा आणि मागच्या बाकावर काय होतं ते बघा. चौतीस वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला. 'लैंगिक' म्हणावं तर त्याच्यापुढे शिक्षण किंवा अत्याचार, एवढंच लोकांना ऐकायची सवय. वर 'उभयलिंगी' आणि 'उभयलैंगिक' यातला फरक छापणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. दुसरा शब्द पुरुष आणि स्त्री दोघांबद्दल ओढ वाटणाऱ्या माणसासाठी वापरतात. ओढ कोणाची वाटते, स्वतःला कोण मानतो आणि जन्मतः शरीर कसं आहे, या तीन वेगळ्या गोष्टी. इंटरसेक्स हा शब्द फक्त तिसरीबद्दल बोलतो.

काही जण 'आंतरलिंगी' लिहितात. उपलब्ध मराठी शब्दांत मला तो त्यातल्या त्यात बरा वाटतो. त्यात खोटं काही नाही, शिवी नाही. अडचण एवढीच की कानाला आंतरजातीय, आंतरशालेय यांच्या रांगेतला वाटतो. तुमच्या जाऊबाई 'आंतरलिंगी' ऐकून लग्न ठरलं का असंच विचारतील. पण छापील मजकुरात, एकदा अर्थ सांगून, चालेल.

तृतीयपंथी. इथे मला जरा जपून लिहायचंय, कारण सुनेचं दोन दिवस न जेवणं मला कळतं आणि खटकतंही. तृतीयपंथी ही शिवी नाही. उलट, शिव्यांच्या जागी आपल्याकडे रुळलेला तो त्यातला सभ्य शब्द आहे, आणि त्या माणसांनी तो स्वतःसाठी मानाने वापरला आहे. पण त्यात 'पंथ' आहे. गुरू आहे, चेले आहेत, घराणी आहेत, रीतिभाती आहेत. त्या वाटेने जाणारे बहुतेक जण जन्मतः मुलगे म्हणून वाढवलेले आणि स्वतःला तसं न मानणारे असतात. काही इंटरसेक्सही असतात, पण थोडे. तुमची नात कुठल्या पंथाला गेलेली नाही, ती हॉस्टेलवर गेली आहे. शब्द तिला लागू नाही, म्हणून नको. त्यात कमीपणा आहे म्हणून नको असं सूनबाई म्हणत असतील, तर ते त्यांनी मनातून काढलेलं बरं.

शेजारणीवर फार चिडू नका. हाच घोळ सरकारदरबारीही आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष सोडून 'इतर' असा एक रकाना होता. त्यात देशभरात ४,८७,८०३ माणसं मोजली गेली आणि त्यात कोण कशामुळे 'इतर' होतं ते कुणालाच सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या वेगळ्या ओळखीला मान्यता देणारा निकाल दिला, त्यानंतर २०१९ साली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यात इंटरसेक्स वेगळेपणाची स्वतंत्र व्याख्या केली, ती चांगलीच केली, आणि त्याच कलमात जरा पुढे या माणसांनाही 'ट्रान्सजेंडर'च्याच व्याख्येत बसवून टाकलं. वेगळं ताट मांडलं आणि वाढलं मात्र शेजारच्या ताटात.

तमिळनाडूत मात्र गोष्टी जरा नेटाने झाल्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एका लग्ननोंदणीच्या प्रकरणात निकाल देताना इंटरसेक्स बाळांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवा असं सांगितलं, आणि त्याच वर्षी सरकारने तसा आदेश काढला: जिवावर बेतलेलं असेल तरच शस्त्रक्रिया, नाहीतर मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबायचं. पुढे न्यायालयाच्याच आग्रहावरून २०२२ साली कोणाला काय म्हणायचं याची तमिळ शब्दावली राजपत्रात छापली. तुम्ही एकट्या जे वहीत करताय, ते तिथे सरकारने केलं. ज्या माणसांबद्दलचे शब्द होते त्यांच्यातल्या लोकांशी बोलून.

खरं तर ज्या तमिळनाडूत हे झालं, तिथल्याच धावपटू शांती सौंदराजन. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्यांनी ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं आणि नंतर लिंगचाचणीवरून ते त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. बातम्यांनी काय शब्द वापरला आठवतं? 'नापास'. बाई, तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. शरीर ही कुठली उत्तरपत्रिका, आणि तिच्यात कोण कसं नापास होतं? तेव्हा कुणाला हा शब्द खटकला नाही. मलाही नाही.

आता सुनेचा 'विकार'. याचं मूळ बहुतेक फाइलवरच्या 'डीएसडी' या अक्षरांत असावं. २००५ साली शिकागोत पन्नासएक तज्ज्ञ बसले, पुढच्या वर्षी त्यांचं निवेदन आलं, आणि जुने हर्माफ्रोडाइट वगैरे सगळे शब्द मोडीत काढून त्यांनी 'डिसॉर्डर्स ऑफ सेक्स डेव्हलपमेंट' असा नवा शब्द आणला. डिसॉर्डर म्हणजे विकार. हेतू चांगला होता. गंमत म्हणजे अमेरिकेत १९९३ साली इंटरसेक्स लोकांची पहिली मोठी संघटना काढणाऱ्या शेरिल चेस यांनीही तेव्हा त्याला पाठिंबा दिला होता. डॉक्टर ऐकून घेतील, उपचार नीट होतील, हा हिशेब. पण बाकी पुष्कळ लोक बिथरले: आम्ही काय बिघडलेलो आहोत? त्यानंतर अनेक डॉक्टरांनी 'डी' तोच ठेवून 'डिसॉर्डर'च्या जागी 'डिफरन्स' म्हणायला सुरुवात केली. अक्षर तेच, अर्थ बदलला. तुमच्या फाइलवर कुठला 'डी' आहे ते पुढच्या खेपेला नातीने डॉक्टरांना विचारावं. तिनेच विचारावं, ती सज्ञान आहे.

मी मात्र 'विकार' हा शब्द सरसकट फेकून देणार नाही. याच डीएसडीच्या यादीत अ‍ॅड्रीनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा एक जन्मजात विकारही येतो. त्यात काही बाळांच्या अंगातलं मीठ झपाट्याने कमी होतं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर जन्मल्यावर दोन-तीन आठवड्यांत जीव जाऊ शकतो. तिथे 'हे फक्त वेगळेपण आहे' म्हणून बसून राहणं म्हणजे मूर्खपणा. तो आजार आहे आणि त्याला आजारच म्हणावं. पण विकार ग्रंथीत आहे, बाळाच्या मुलगा-मुलगी असण्यात नाही. तुमच्या नातीच्या बाबतीतही डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे. पोटातल्या वृषणांमध्ये पुढच्या वयात गाठ होण्याचा थोडा धोका असतो. ती काढायची की लक्ष ठेवून राहू द्यायची, काढली तर हाडांसाठी हार्मोन कसं घ्यायचं, हे तिने हार्मोनच्या डॉक्टरांशी बसून ठरवायचं. दवाखान्यात ही भाषा लागते. घरात, ओट्याशी, जेवताना ही भाषा लागत नाही. सुनेला लोकांनी हळहळावं असं वाटतं, कारण हळहळीचं काय करायचं ते तिला माहीत आहे, कुजबुजीचं काय करायचं ते नाही. पण हळहळीखाली वाढलेली मुलगी एकदा बघा, म्हणजे कळेल.

इंटरसेक्स हा शब्द तरी कुठला सोवळ्यातला? १९१७ साली रिचर्ड गोल्डश्मिट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो रुळवला, आणि कशावर काम करताना, तर पतंगांवर. दिव्याभोवती फिरतात त्या पतंगांवर. तिथून तो माणसांना लागला, आणि १९९० नंतर माणसांनी तो स्वतःकडे ओढून घेतला. गांडूळ चालत नाही आणि पतंग चालतो, असं दीर म्हणतील. बरोबर आहे त्यांचं. फरक एवढाच की एक शब्द दुसऱ्यांनी लावला आहे, आणि दुसरा लोकांनी स्वतः उचलला आहे. शिवाय गांडुळाचा अर्थ अजून गांडुळालाच चिकटलेला आहे, पतंग केव्हाच उडून गेला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून या विषयावर लिहिलं तेव्हा त्यांनीही 'इंटरसेक्स' हाच शब्द ठेवला.

त्याच्या सीमेवरूनही वाद आहेत, दिरांना आवडतील असे. अमेरिकेतल्या जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन फाउस्टो-स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली इंटरसेक्स माणसं शंभरात १.७ असा आकडा मांडला. तिथलेच डॉक्टर लेनर्ड सॅक्स यांनी २००२ साली म्हटलं, छे, ०.०१८. लाखात १,७०० की लाखात १८? शरीरं तीच, मोजणारे हुशार, फक्त कोणाला या शब्दात धरायचं यावर एकमत नाही. तुमची नात, मला वाटतं तेच निदान असेल तर, दोघांच्याही मोजणीत येते. आणि तिच्यासारखंच निदान असलेल्या सगळ्याच जणी हा शब्द घेतात असंही नाही. काही म्हणतात, माझ्या निदानाचं नाव सांगा आणि पुढे चला, बिल्ला नको. उद्या तुमची नात तसं म्हणाली, तर तुम्हीही शब्द बदलायचा. तेव्हा 'पण तूच म्हणाली होतीस' असं मात्र नको.

आता 'मध्यप्रकृती'. कुठून आला असेल ते ओळखलं. अमरकोशात 'तृतीया प्रकृती' आहे, तिथूनच ना? पण बाई, त्या ओळीत पुढे षंढ, क्लीब, नपुंसक असे सगळे एकाच गाठोड्यात बांधले आहेत. ती सोबत आपल्याला नको. पतंजलीने महाभाष्यात जो श्लोक दिला आहे, तो तुम्ही शिकवला नसला तरी ऐकला असेल: 'स्तनकेशवती स्त्री स्याल्लोमशः पुरुषः स्मृतः। उभयोरन्तरं यच्च तदभावे नपुंसकम्॥' शरीर बघून लिंग ठरवायचं, आणि दोहोंच्या मधलं ते नपुंसक. आणि लगेच तोच शंका काढतो: मग खाट स्त्रीलिंगी कशी आणि वृक्ष पुल्लिंगी कसा? त्यांना कुठे केस आहेत? दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की शरीराची मोजपट्टी भाषेला पुरत नाही.

'मध्य'ही मला पटत नाही. तुमची नात कशाच्या मध्ये उभी आहे? ती मुलगी आहे, तिचं शरीर वेगळ्या वाटेने मुलीचं झालं आहे, एवढंच. आणि 'प्रकृती' म्हणाल तर मराठीत त्याचा पहिला अर्थ तब्येत. कुणी विचारलं 'नातीचं काय?' आणि तुम्ही म्हणालात 'मध्यप्रकृती', तर समोरचा म्हणणार, 'मध्यम का? ताप आहे का?'

मराठीचा हट्ट मला कळतो. सावरकरांनी महापौर दिला, दिग्दर्शक दिला, ते शब्द आज आपण सहज वापरतो. पण त्याच मराठीत डॉक्टर, स्टेशन, कॅन्सर हेही तितकेच आपले झाले आहेत. कर्करोग पेपरात असतो, घरात कॅन्सरच असतो. आणि नव्या शब्दाने नजर बदलते या भ्रमात तर मुळीच राहू नका. 'मतिमंद' हा शब्द एके काळी सभ्य म्हणूनच आणला होता, शाळांच्या पाट्यांवर होता. मग पोरं तो एकमेकांना चिडवायला वापरू लागली. अपंगाचा विकलांग झाला, विकलांगाचा दिव्यांग झाला. बसच्या पायऱ्या तेवढ्याच उंच राहिल्या.

एका गोष्टीत मात्र मराठी तुमच्या मदतीला धावून येते, आणि ती तुमच्या लक्षात आली नाही याचं मला नवल वाटतं. इंग्रजीत माणसाला 'इट' म्हटलं की अपमान. आपल्याकडे लेकरू नपुंसकलिंगी, पोर, पाखरू, वासरू सगळी नपुंसकलिंगी, आणि सगळी मायेची. 'ते पोर किती गुणी आहे' यात कुणी कुणाला कमी लेखत नाही. माझं आजोळ मालवणकडचं. तिथे आणि खाली गोव्यात 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि ती सरळ नपुंसकलिंगी. आजी माझ्याबद्दल 'तां चेडू' म्हणायची. मला कधी वाटलं नाही की मी काही कमी मुलगी आहे. नातीला 'माझं लेकरू' म्हणा, त्याला कुठल्याही कोशाची परवानगी लागत नाही. आणि कुणी समजूत काढायला अर्धनारीनटेश्वराचा दाखला दिला, तर हसून विषय बदला. देव झाल्यावरही माणूस होता येत नाहीच.

नातेवाइकांना काय सांगायचं? मला वाटतं, तुम्ही उत्तर शोधताय ते चुकीच्या प्रश्नाचं. शब्द कुठला हे नंतर. आधी कुणाला सांगायचं हे, आणि ते तुमच्या हातात नाही, तिच्या हातात आहे. फाइल तिची आहे. तुमच्या मुलाचं 'कुठलाच शब्द नको' हे घरात चुकीचं असेल, पण मावसचुलत सासूसमोर अगदी बरोबर आहे. 'तब्येत छान आहे, परीक्षा चालू आहे' एवढं पुरतं. खोदून विचारलं तर 'ते तिचं खासगी आहे' म्हणा. पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडेल, दुसऱ्यांदा नाही. लग्नाचा विषय निघाला तर जिला करायचं ती ठरवेल, कुणाला कधी काय सांगायचं तेही तीच ठरवेल. तुम्ही आधीच दवंडी पिटू नका आणि कुणाशी खोटंही बोलू नका.

ज्यांना ती स्वतः सांगेल, किंवा तुम्हाला सांगायला सांगेल, त्यांच्यासाठी एक वाक्य लिहून देते. वहीत उतरवून घ्या, हवं तर सुधारा: 'आमची नात इंटरसेक्स आहे, म्हणजे तिचं शरीर जन्मापासून ठरलेल्या साच्यापेक्षा थोडं वेगळं घडलं आहे.' त्यात क्रोमोसोम नाहीत, अवयव नाहीत. ते कुणी विचारू नयेत आणि तुम्ही सांगू नयेत. हे वाक्य तिला आधी दाखवा. तुम्ही तिचे निबंध तपासलेत, एकदा तिला तुमचं तपासू द्या. लाल पेन तिच्या हातात द्या. 'मध्यप्रकृती'वर ती काट मारेल असा माझा अंदाज आहे, पण शेवटी शब्द तिचा, तिला आवडलाच तर मी कोण?

आणि 'सेक्स' जिभेवर येत नाही, त्याचं म्हणाल तर रोज सकाळी चहा टाकताना पाच वेळा मोठ्याने म्हणा. इं-टर-सेक्स. चौथ्या दिवशी त्यातला सेक्स ऐकू येईनासा होतो. मी करून पाहिलंय. दूधवाला दारात आला होता तेवढं सोडलं तर काही त्रास झाला नाही.

ता. क. ला ता. क.: चैत्रगौर तुमच्या घरची आहे, जाऊबाईंच्या घरची नाही. नातीला यायचं असेल तर कुंकवाची कोयरी दरवर्षीसारखी तिच्याच हातात द्या. जाऊबाईंना पहिली बसवा, म्हणजे नातीकडून पहिलं कुंकू त्यांनाच लागेल. आंब्याच्या डाळीला कैरी जरा आंबटच बघून आणा, आणि पन्हं मात्र गोड ठेवा.